विश्लेषण : ‘पृथ्वी गोल आहे’ हे पाठ झालं, पण मुलांना ते समजलं का?

तिसरीतल्या मुलाला पृथ्वीचा आकार विचारा. ‘गोल’ असं उत्तर लगेच येईल. पण सरळ चालत राहिलो तर कडेवरून खाली पडू का, असं विचारलं की अनेक जण अडखळतात.

संशोधन काय सांगतं?
स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या पहिली, तिसरी आणि पाचवीच्या ६० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींच्या मनातली पृथ्वी थाळीसारखी चपटी होती. काहींना ती पोकळ चेंडू वाटत होती आणि माणसं त्याच्या आत सपाट जमिनीवर राहत होती. काहींच्या मते तर पृथ्वी दोन होत्या, एक पायाखालची सपाट आणि दुसरी आकाशातली गोल. म्हणजे मुलं शिकवलेलं नाकारत नाहीत, डोळ्यांना दिसणाऱ्या जगाशी त्याचा मेळ घालतात.

मग शिकवायचं कसं?
आधी मुलांचा अंदाज विचारायचा. ‘जड वस्तू बुडते’ असं बहुतेक मुलांना वाटतं. बादलीभर पाण्यात सालीसकट संत्रं टाका, ते तरंगतं. सोललेलं टाका, ते हलकं होऊनही बुडतं. सालीत हवा अडकलेली असते, हे मग सांगितलं तर पटतं. अंदाज चुकल्यामुळे ‘का?’ हा प्रश्न मुलाचा स्वतःचा झालेला असतो.

अडचण कुठे आहे?
महाराष्ट्रात तिसरी ते पाचवीला विज्ञान ‘परिसर अभ्यास’ या विषयातून येतं, ‘सामान्य विज्ञान’ सहावीपासून सुरू होतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अनुभवातून शिकण्यावर भर देतं. पण शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलांसाठी दोनच शिक्षक असतात. एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग आणि सगळे विषय असतील, तर प्रत्येकाचा अंदाज ऐकायला वेळ उरत नाही. फळ्यावरची व्याख्या वहीत उतरवून घेणं सोपं पडतं. चाचणीतही ‘गोल’ लिहिलं की गुण मिळतात, त्यामुळे मनातली थाळी कुणाच्या लक्षातच येत नाही.

म्हणून प्रयोगाचं साहित्य पुरवणं पुरेसं नाही. ‘तुला असं का वाटतं?’ हा प्रश्न तासाला आणि चाचणीत आला, तरच धोरण वर्गापर्यंत पोहोचेल. घरी तो विचारायला तर बादली आणि संत्रंही पुरतं.