आधी वजनकाटा, मग कार्बन

फ्लोरिडात राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात दोन फोटो पाठवले. एकात त्याची जुनी यामाहा सुपरजेट जेट स्की, नाकाशी हल (खालचं कवच) आणि डेक (वरचं कवच) जिथे चिकटवलेले असतात त्या सांध्यावर वीतभर चीर गेलेली. दुसऱ्यात एका दुकानातला नवाकोरा कार्बनचा हल, काळाभोर, वार्निशखाली विणीची नक्षी चमकणारी. खाली दोनच शब्द : "मामा, घेऊ?"

माझी निम्मी हयात रत्नागिरीला फायबरच्या होड्या बांधण्यात गेली, म्हणून त्याने मला विचारलं. मी उत्तर द्यायला चार दिवस घेतले, कारण प्रश्न पैशांचाही होता आणि त्याच्या हाडांचाही.

उभ्याने चालवायची जेट स्की आपल्याकडे फारशी दिसत नाही. मालवण-तारकर्लीला किंवा कळंगुटला पर्यटकांना फिरवतात त्या बसून चालवायच्या. उभ्याची कल्पना क्लेटन जेकबसन या अमेरिकन मोटोक्रॉस स्वाराची. कावासाकीने ती 1973मध्ये बाजारात आणली, यामाहाची सुपरजेट 1990मध्ये आली. सव्वादोन मीटर लांब, सुमारे दीड हात रुंद अशी ही वस्तू. आसन नाही, फक्त मागे पाय रोवायचा ट्रे आणि पुढे बिजागरीवर वर-खाली होणारा हँडलचा दांडा. स्वाराचं सगळं अंग कामाला लागतं. म्हणूनच इथे किलोकिलोचा हिशेब चालतो. जुन्या टू-स्ट्रोक सुपरजेटचं वजन 139 किलो. 2021मध्ये तिला फोर-स्ट्रोक इंजिन आलं तेव्हा ते 170च्या घरात गेलं. कावासाकीची 2017ची एसएक्स-आर तर इंधनासकट 250 किलो. यंत्रं जड होत गेली आणि हौशी स्वार जुनं हलकं इंजिन, पंप, दांडा असं सगळं काढून कुणीतरी वेगळ्या साच्यात बांधलेल्या हलमध्ये बसवू लागले. कसरती करणाऱ्यांच्या हलचा तळ धनुष्यासारखा जास्त वळलेला आणि नाक फुगीर असतं, म्हणजे स्की झटकन उभी राहते आणि उलटी गिरकी घेते.

कारखान्यातला हल बहुधा एसएमसीचा असतो. पॉलिस्टर रेझिन, काचेचे बोटाच्या पेरांएवढे तुकडे आणि भरपूर चुनखडीची भुकटी यांचं मळलेल्या कणकेसारखं शीट तापलेल्या पोलादी साच्यात दाबायचं, काही मिनिटांत हल तयार. प्रत्येक नग सारखा, किंमत आवाक्यात. चुनखडीमुळे तो जड होतो आणि धागे तुटक असल्याने एकदा चीर सुरू झाली की तिला अडवायला लांब धागा नसतो. आणखी एक गोष्ट दुरुस्ती करणाऱ्यांना ठाऊक असते : साच्यातून सुटावा म्हणून या मिश्रणातच मेणचट द्रव्य घातलेलं असतं. त्यामुळे त्यावर नेहमीचं पॉलिस्टर मारलं तर काही महिन्यांत पापुद्रा सुटतो. तिथे इपॉक्सी रेझिनच लागतं.

आता त्या काळ्या हलकडे येतो. कार्बनची घनता पाण्याच्या पावणेदोन-पट, काचेची अडीचपटीहून थोडी जास्त, केव्हलार या तिसऱ्या धाग्याची दीडपटीहूनही कमी. ताठपणात साधा कार्बन काचेच्या तिप्पट. इतकं वाचलं की कुणालाही वाटेल, कार्बन घ्यावा आणि मोकळं व्हावं. पण काचेचा धागा तुटण्याआधी साधारण साडेचार टक्के ताणला जातो, कार्बन दीड-दोन टक्क्यांतच तुटतो. लाटेवरून उडालेली स्की दोन मीटरवरून खाली येते तेव्हा तिचा वेग ताशी 22-23 किलोमीटर असतो आणि सपाट पडली तर पाणी त्या क्षणी फरशीसारखं लागतं. तो मार अंगभर वाटून घ्यायला कार्बनचा ताठपणा कामी येतो. किनाऱ्यालगतच्या टोकदार खडकावर तोच ताठपणा घातक ठरतो. काचेचा हल तिथे पांढरा पडतो, दबतो, तुम्हाला सावध करतो. कार्बन फारशी सूचना न देता फुटतो.

केव्हलार या दोघांच्या मधला. ड्युपाँटमधल्या स्टेफनी क्वोलेक यांनी 1965मध्ये शोधलेला हा धागा ओढ आणि आघात सोसण्यात पक्का. दाबाखाली मात्र कच्चा. घासायला गेलात तर तो कापसासारखा पिंजतो, साध्या कात्रीला दाद देत नाही. म्हणून जाणता कारागीर संपूर्ण हल केव्हलारचा करत नाही. तो नाकात, सांध्याच्या कडेला, पाय आदळतो त्या ट्रेमध्ये थर देतो आणि वरून काचेचं कापड टाकतो, म्हणजे पुढे घासता येतं.

पण माझं खरं म्हणणं कापडाबद्दल नाहीच, ते भिजवणाऱ्या रेझिनबद्दल आहे. आमच्या कारखान्यात नवा पोरगा आला की त्याला आधी जादा रेझिन दाबून काढायचा रोलर द्यायचो. तुटक धाग्यांची चॉप्ड मॅट ब्रशने भिजवली की किलोभर काच दोन-सव्वादोन किलो रेझिन पिते. तेच किलोभर विणलेलं कापड निर्वात पिशवीखाली नीट दाबून बसवलं तर अर्ध्या-पाऊण किलोत भागतं. उरलेलं सगळं रेझिन म्हणजे निव्वळ ओझं. त्याने ताकद वाढत नाही, उलट ते ठिसूळ असतं, धाग्यांच्या मधे साचून चिरांना वाट करून देतं. म्हणजे हाताने ओबडधोबड बसवलेला कार्बनचा हल हा व्हॅक्यूमखाली इपॉक्सीत बांधलेल्या काचेच्या हलपेक्षा जड भरू शकतो. काळ्या रंगाचे पैसे द्यायचे आणि वजन रेझिनचं न्यायचं! हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, होड्यांच्या बाबतीत. एका ठिकाणी पैसे मोजून घेतलेल्या "हलक्या" होडीचा काप काढला, तर दोन थरांच्या मधे बोटभर रेझिनचं तळं साचलेलं होतं.

वजन घटवण्याचा प्रामाणिक रस्ता जाडीतून जातो. पत्र्याची जाडी दुप्पट केली की त्याचा वाकण्याला विरोध आठपट होतो. म्हणून दोन पातळ कातड्यांच्या मधे फोमचा गाभा घालतात. तळ आणि डेकच्या मोठ्या सपाट भागांत हे उत्तम. मात्र जिथे बोल्ट जातो, म्हणजे पंपाची बैठक, राइड प्लेट, पायाच्या खोबण्या, दांड्याचा कंस, तिथे गाभा काढून भरीव थर द्यावाच लागतो. तो दिला नसेल तर भोकातून पाणी शिरतं आणि दोन मोसमांत गाभा व कातडं वेगळं होतं. बोटाच्या गाठीने टकटक केलं की भरीव आणि पोकळ आवाज कळतो. नारळ पारखणाऱ्याला हे शिकवायला नको. समुद्रावर आणखी एक धोका आहे. कार्बन वीज वाहतो. खाऱ्या पाण्यात तो ॲल्युमिनियमच्या पंपाला किंवा कंसाला थेट टेकला तर ॲल्युमिनियम खात जातो. मधे काचेचा एक थर दिला की हे टळतं. विकणाऱ्याला हा थर आहे का, एवढं विचारलं तरी त्याला काम किती कळतं ते समजतं.

भाच्याचा हिशेब मांडला तो असा. स्की 139 किलो, तो स्वतः 75, अठरा लिटरच्या टाकीतलं पेट्रोल साधारण 13. एकूण 227. महागडा हल घेऊन समजा 15 किलो वाचले, तर एकूण वजनात साडेसहा टक्क्यांच्या आसपास फरक पडला. ॲरिझोनातल्या लेक हवासूला ऑक्टोबरात जागतिक स्पर्धा भरते, तिथे उतरणाऱ्याला हा फरक सोन्याचा आहे. हवेत दोन गिरक्या मारणाऱ्यालाही आहे. शिवाय पडताना हलकी वस्तू कमी जोराने आदळते, म्हणजे नेमकेपणाने वाचवलेलं वजन टिकाऊपणातच भर घालतं, हेही मान्य करायला हवं. पण माझा भाचा रविवारी किनाऱ्यावरच्या लाटा घेतो आणि परत येताना वाळूवर स्की ओढत आणतो. त्याच्या हलला सर्वात जास्त मार वाळूचा, ट्रेलरचा आणि धक्क्याच्या कडेचा. त्याला ताठ नव्हे, सोशिक हल हवा.

किमतीतही त्याने फक्त हलचा आकडा धरला होता. नव्या हलला पंपाची बैठक, हूड, पायाच्या खोबण्या, एक्झॉस्टचे जोड हे सगळं वेगळं लागतं आणि इंजिन पंपाच्या शाफ्टशी रेषेत बसवण्याची मजुरी वेगळी. अमेरिकेत 1972 पासून प्रत्येक नौकेच्या हलवर बारा अक्षर-अंकी ओळखक्रमांक असावा लागतो, कागदपत्रं त्यावर चालतात. हल बदलला की जुन्या स्कीचे कागद त्याला लागू होत नाहीत. नव्या हलवर क्रमांक नसेल तर राज्याकडून तो मिळवेपर्यंत स्की अंगणातच. आणि दुरुस्ती? आमच्याकडे कोणत्याही खाडीवर फायबर मारणारा माणूस सापडतो, काचेची दुरुस्ती तोच करतो. कार्बनची चीर आत किती पसरली आहे हे वरून दिसत नाही, ती बुजवायला जाणता हात लागतो आणि तो सगळीकडे नसतो. ज्याची मोडतोड आपल्या गावात दुरुस्त होत नाही, तो हल मी टिकाऊ मानत नाही.

मी त्याला कळवलं : नाकातला फोम बाहेर काढ आणि तोल. जुन्या स्कीत तरंगण्यासाठी भरलेला फोम वर्षानुवर्षं पाणी पितो, आणि स्वार अमुक किलो हलक्या हलसाठी पैसे साठवत असताना तितकंच पाणी रोज वाहून नेत असतो. फोम वाळव किंवा बदल. चीर दोन्ही बाजूंनी घास, जाडीच्या बारापट लांबीचा उतार दे, काचेचं कापड आणि इपॉक्सीचे थर घाल, आतून केव्हलारची एक पट्टी. त्यानंतरही नवा हल हवाच असेल तर व्हॅक्यूमखाली बांधलेला काच-इपॉक्सीचा घे, नाकात आणि ट्रेमध्ये केव्हलार असलेला. संपूर्ण कार्बन तुझ्यासाठी नाही.

तुमच्यापैकी कुणी परदेशात असा हल घेणार असाल तर माझी एकच विनंती आहे. दुकानदाराला तो तुमच्यासमोर, कोरडा आणि कुठलाही सुटा भाग न लावता, काट्यावर ठेवायला सांगा. कोणत्या भागात कोणतं कापड किती थर आहे ते त्याच्याकडून लिहून घ्या. तो लिहून देत नसेल, तर पैसे देऊ नका.