पाटी चकाचक, पंप बंद

मरहूम आई-वडिलांच्या नावाने बोअर मारायची, संगमरवरी पाटी लावायची, दुआ करायची, फोटो काढायचे. आपल्या मोहल्ल्यांत हे नेहमीचं आहे आणि नियतही नेक असते. पण वर्षभराने वॉशर झिजून पंप बंद पडला की तो कोणाचा? ट्रस्ट म्हणतो, आम्ही देऊन मोकळे झालो. जमात म्हणते, ग्रामपंचायतीला सांगा. ग्रामपंचायत म्हणते, आमच्या दप्तरी नोंद नाही. सदका-ए-जारियातला ‘जारिया’ म्हणजे चालू राहणारा. बंद पंपातून काय चालू राहणार?

दोष एकट्या ट्रस्टचा नाही. भायखळ्याचं साबू सिद्दीक, नवीन पनवेलचं काळसेकर, लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठ इथून दरवर्षी आपली मुलं-मुली इंजिनिअर होतात. खिदमत म्हटली की तीही रेशन किट भरायला उभी राहतात. किट कोणीही भरेल. विहिरीची पातळी मोजणं, पाण्याचा खारटपणा तपासणं, पंप का बंद पडतो हे शोधणं, हे त्यांचं काम आहे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. मुरुड-श्रीवर्धनच्या वाड्या झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले. धान्य आणि ताडपत्र्या आल्या. त्या हव्याच होत्या. पण वीज नाही म्हणजे मोटार नाही, मोटार नाही म्हणजे पाणी नाही. अशा वेळी तालुक्यात चालू हातपंप किती आणि कुठे, ही यादी आपल्यापैकी कोणाकडे होती?

दुरुस्तीला कमी लेखू नका. आफ्रिकेत मुलांच्या गोल पाळण्यावर चालणाऱ्या ‘प्लेपंप’चा २००६ साली मोठा गाजावाजा झाला. ४,००० पंपांचा संकल्प होता. मुलं दमली की बायकांनाच तो चक्राकार पाळणा ढकलावा लागे, आणि बिघडला तर दुरुस्त करणारं जवळ कोणी नसे. काही वर्षांत संकल्प गुंडाळावा लागला. उलट आपल्या जालन्यात आणि सोलापुरात मिशनच्या वर्कशॉपमधल्या लोकांनी सतत मोडणाऱ्या बिडाच्या पंपांना पर्याय म्हणून मजबूत पोलादी पंप घडवले. त्यांच्यावरूनच १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क २’ तयार झाला आणि जगभर गेला.

‘आम्ही कॉम्प्युटरचे, आम्हाला पंपातलं काय कळतं?’ ही सबब चालणार नाही. मीही सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्या धंद्यात प्रॉडक्ट लाँच करणं सोपं, वर्षानुवर्षं चालू ठेवणं कठीण, पंपाचंही तेच. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचे विद्यार्थी आपल्याच जिल्ह्यात, कर्जतच्या टँकरवर जगणाऱ्या वाड्यांत जाऊन पाणी योजनांचा अभ्यास करतात. मग आपला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अजून हजेरीच्या अ‍ॅपवरच का अडकलाय?

मुरुडपासून सुरुवात करा. प्रत्येक पंपाची नोंद, पाण्याची चाचणी, बिघाडाची तारीख. प्रत्येक मोहल्ल्यात दोन जणांना, मुलींनाही, दुरुस्ती शिकवा. ट्रस्टनी बोअरच्या खर्चातच देखभालीची रक्कम बाजूला काढावी. नसेल तर जमातीने तो बोअर घेऊ नये.

चारी बाजूंनी खारा समुद्र असताना जंजिऱ्यात गोड्या पाण्याचे तलाव राखणाऱ्यांचा वारसा आपण मिरवतो. तो पाटी लावून चालवता येत नाही. पाटी लावायचीच असेल, तर मरहूमच्या नावाखाली दुरुस्ती करणाऱ्याचा फोन नंबरही कोरा.