किल्ला कोणत्या खात्यात?

गेल्या दिवाळीत अंबाजोगाईच्या आमच्या कॉलनीत किल्ल्यांची स्पर्धा भरली आणि अस्मादिकांना समितीत घेण्यात आले. बँकेतल्या माणसाला प्रत्येक मंडळ समितीत घेते. त्याला हिशेब येतो, असा एक गैरसमज आहे.

पोरांनी अजून माती भिजवली नव्हती, पण विभाग पाडणे तातडीचे होते. निवृत्त मास्तर म्हणाले, ‘‘शास्त्राप्रमाणे जाऊ. गिरिदुर्ग, जलदुर्ग, भुईकोट.’’ पाटबंधाऱ्यातले ओव्हरसिअर म्हणाले, ‘‘छे, साहित्याप्रमाणे! काळ्या मातीचा वेगळा, प्लास्टरचा वेगळा, थर्मोकोलचा वेगळा.’’ तिसऱ्यांनी वयोगट काढले. चौथ्यांना २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांचा स्वतंत्र विभाग हवा होता. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. बीड जिल्ह्यातला एकही नाही. म्हणजे आमच्या पोरांनी जिंजी बांधायचा!

रात्री साडेअकराला चौदा विभाग तयार झाले. पुढे किल्ले झाले नऊ. त्यांतल्या आठांना आपापल्या विभागात पहिला नंबर मिळाला, कारण तिथे दुसरे कुणी नव्हतेच.

नववा मात्र कुठेच बसेना. तो होता कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या आजींच्या नातवाचा. त्याने बांधला होता आपल्या जिल्ह्यातलाच धारूर. आता धारूरला तीन बाजूंनी दरी आणि चौथ्या, गावाकडच्या बाजूला सपाट जमीन, तिथे खंदक. मास्तर म्हणाले, गिरिदुर्ग म्हणावा तर एका अंगाने भुईकोट, भुईकोट म्हणावा तर तीन अंगांनी गिरिदुर्ग. त्यातून पोराने खंदकात तांब्याभर पाणी ओतलेले, त्यामुळे जलदुर्गाचाही संशय. ओव्हरसिअर वाकून माती चिवडू लागले. नुसती काळी माती वाळली की तडकते, म्हणून पोराने पडक्या गढीची पांढरी माती तिच्यात मिसळली होती. घर गळू नये म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी माळवदावर टाकली ती हीच. पण यादीत ‘दोन मात्या’ असा विभाग नव्हता.

‘‘अरे, हा नेमका कोणता प्रकार?’’ मास्तरांनी विचारले.

‘‘धारूर हाय, काका. जाऊन बघा की.’’

किल्ला स्पर्धेबाहेर ठेवण्यात आला.

किश्वरखानाने १५६७ साली धारूर बांधला तेव्हा त्याला आमची समिती भेटली नाही, हे त्या किल्ल्याचे नशीब. त्याने आधी जमीन पाहिली. दरी होती तिथे दरी वापरली, नव्हती तिथे खंदक घेतला. आम्ही आधी खंदक खणतो आणि मग त्यात पडायला किल्ले बोलावतो.

आता मला सांगा, विभाग कशासाठी असतात? आलेली वस्तू नीट बघता यावी म्हणून की ती न बघताच परत पाठवता यावी म्हणून? मी बी. कॉम. आहे, माझे आयुष्य रकान्यांत गेले. पण ज्या रकमेचे खाते सापडत नाही ती आम्ही सस्पेन्समध्ये ठेवतो आणि खाते शोधत बसतो. ‘तुमचे पैसे हे पैसेच नव्हेत’ असे कुठल्याही कारकुनाने अजून गिऱ्हाइकाला सांगितलेले नाही. एवढी अक्कल खातेवहीला आहे, समितीला नसावी?

माझे म्हणणे एवढेच, की आधी किल्ले पाहा, मग विभाग पाडा. दोनच पुरेत: पोरांनी बांधलेले आणि बापांनी बांधलेले. आणि काही पाडण्याआधी ‘इतर’ हा रकाना यादीच्या डोक्यावर लिहा. नवे काही आले तर ते तिथेच येणार.

त्या पोराचे आईबाप ऊसतोडीला जातात. टोळीचा ट्रक पाडव्याच्या रात्री सुटणार होता आणि आमचा निकाल भाऊबीजेला. म्हणून मी समितीला म्हटले, पाडव्याच्या सकाळीच पुन्हा एकदा धारूर बघू या, आईबापांसमोर. समितीने ही सूचना सौजन्याने ‘ऐनवेळचे विषय’ यात घेतली.

ऐनवेळचे विषय भाऊबीजेला निघाले. ट्रक आदल्या रात्रीच निघून गेला होता.

यंदा समिती पुन्हा बसते आहे. विभाग सोळा होणार असे ऐकतो.