सणाच्या तारखेवरचा नफा

गेल्या डिसेंबरातील गोष्ट आहे. नाताळला चार दिवस उरले होते. आमच्या वसईत हा सण केवळ ख्रिस्ती घरांपुरता राहिलेला नाही. ज्या घरी आमचे दिवाळीच्या फराळाचे ताट जाते, त्या घरून नाताळचे ताट येते आणि गोठे पाहावयास आम्हीही मुलाबाळांसह हिंडतो. शेजारच्या घरातील सहा वर्षांच्या नातवाने एका विशिष्ट खेळण्यातील मोटारीचा ध्यास घेतला होता, आणि ती त्याला आणून देण्याचे मी मोठ्या उत्साहाने कबूल केले होते. बोटभर लांबीची, लोखंडी पत्र्यापेक्षा किंचित जड अशी ती गाडी. छापील किंमत दोनशे रुपयांच्या आत. तीन दुकाने पालथी घातली, परंतु गाडी मिळेना. तिसऱ्या दुकानदाराने मात्र खरे काय ते सांगितले. नव्या मालाची पेटी उघडली त्याच सकाळी दोन तरुण आले, त्यांनी चांगल्या गाड्या निवडून सगळ्या उचलल्या, आणि आता त्या मोबाईलवर मिळतील असे तो म्हणाला.

त्या मागावर मी सातिवलीस पोहोचलो. महामार्गाकडून आत वळले की दोन्ही बाजूंस कारखान्यांच्या गाळ्यांच्या रांगा लागतात. पलीकडे तुंगारेश्वराचा डोंगर दिसत असतो. अशाच एका गाळ्यावरच्या खोलीत, एका लोखंडी कपाटात, दोनशेहून अधिक गाड्या पाकिटासह ओळीने टांगलेल्या होत्या. त्यांचा मालक माझा जुना विद्यार्थी निघाला! त्याने खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि छापील किमतीच्या चौपट भाव सांगितला. माझा चेहरा पाहून तो नम्रपणे म्हणाला, "सर, तुमच्यासाठी तिप्पट." मी विचारले, "अरे, पण तू यात केलेस काय?" तेव्हा तो हसून उत्तरला, "सर, मागणी आणि पुरवठा. तुम्हीच नाही का शिकवलेत?"

मी इंग्रजी साहित्य शिकवतो, अर्थशास्त्र नव्हे. तेव्हा हा आरोप मजवर लागू होत नाही. तथापि त्याच्या प्रश्नास उत्तर देणे मला प्राप्त आहे, कारण अशी उत्तरे देणारे तरुण आता गावोगाव झाले आहेत, आणि त्यांचे पालक कौतुकाने 'मुलगा घरबसल्या कमावतो' असे सांगत असतात.

प्रथम या धंद्याचे स्वरूप पाहू. 'हॉट व्हील्स' या नावाच्या या गाड्या अमेरिकेतील मॅटेल कंपनीने 1968 साली बाजारात आणल्या. मुलाला खाऊच्या पैशांत परवडावे असे हे खेळणे होते. पुढे 1995 पासून कंपनीने 'ट्रेझर हंट' नावाच्या थोड्या विशेष गाड्या सर्वसाधारण गाड्यांत मिसळण्यास आरंभ केला. 2007 पासून त्यांतही अधिक दुर्मिळ असा एक वर्ग निघाला. त्या गाडीचा रंग अधिक झळाळणारा, चाके रबरी, आणि पाकिटावर एक लहानशी खूण. बहात्तर गाड्यांची पेटी फुटते तेव्हा ती खूण ओळखणारा डोळा मुलाचा नसतो, सवय झालेल्या संग्राहकाचा किंवा दलालाचा असतो. अशा रीतीने मुलांचे खेळणे विकणाऱ्या फळीवरच प्रौढांच्या सोडतीचे तिकीट मांडले गेले. याला सणाच्या गर्दीची जोड मिळाली, आणि मग दुर्मिळच काय, मुलांना आवडेल अशी कोणतीही साधी गाडीही उचलून कपाटात टांगण्यासारखी झाली.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या बाजूने जे बोलता येईल ते त्याच्याहून अधिक चांगल्या रीतीने मीच मांडतो. ॲडम स्मिथने 1776 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात धान्याच्या व्यापाऱ्यांची बाजू घेतली आहे. सुगीच्या दिवसांत धान्य घेऊन टंचाईच्या दिवसांत विकणारा व्यापारी लोकांचा शत्रू नसून मित्र आहे, कारण त्याच्या चढ्या भावामुळे लोक जपून खातात आणि साठा पुढील सुगीपर्यंत पुरतो, असा त्याचा युक्तिवाद आहे. साठेबाजांविषयीच्या लोकांच्या भीतीची तुलना त्याने चेटकाच्या भीतीशी केली. युक्तिवाद सबळ आहे, आणि त्याला उत्तर न देता जो साठेबाजास शिव्या देतो तो केवळ आपला राग व्यक्त करतो.

परंतु हा युक्तिवाद आमच्या सातिवलीच्या कपाटास लागू पडतो काय? धान्याचा व्यापारी माल विपुलतेच्या काळातून टंचाईच्या काळात नेतो, किंवा विपुल प्रांतातून उणीव असलेल्या प्रांतात. त्या प्रवासात तो भाडे भरतो, उंदीर व पाऊस यांचा धोका पत्करतो. आमच्या तरुणाने माल कोठून कोठे नेला? वसईच्या दुकानातून सातिवलीच्या खोलीत; आणि तेथून तो पुन्हा वसईच्याच मुलाकडे जावयाचा. किती काळ सांभाळला? जेमतेम तीन आठवडे. त्याने हात लावला नसता तर तीच गाडी त्याच मुलाला त्याच सणास छापील किमतीत मिळाली असती. म्हणजे जी टंचाई दूर करण्याचे मोल तो मागतो, ती टंचाई त्यानेच निर्माण केलेली आहे. एखाद्याने ओढ्यावरचा साकव रात्री काढून ठेवावा आणि सकाळी पलीकडे नेऊन सोडण्याबद्दल पैसे मागावेत, त्यातला हा प्रकार.

जुन्या कायदेकारांना हा भेद चांगला कळला होता. इंग्लंडात 1552 च्या कायद्याने, एका बाजारात माल घेऊन त्याच बाजारात किंवा चार मैलांच्या आतील बाजारात तो पुन्हा विकणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला होता. तो कायदा धान्यादी जिनसांपुरता होता आणि पुढे 1772 साली रद्दही झाला; त्यात पुष्कळ अतिरेक होता हेही खरे. परंतु 'चार मैल' या शब्दांत एक शहाणपण आहे. ज्याने माल हलवलाच नाही, त्याने हलवल्याची मजुरी मागू नये. आमच्याकडे कौटिल्याने स्थानिक मालावर शेकडा पाच व परदेशी मालावर शेकडा दहा इतका नफा योग्य मानला, आणि संगनमताने माल अडवून ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांस सहस्र पणांचा दंड सांगितला. आमच्या तरुणाचा नफा शेकडा तीनशे आहे.

फार मागे जाण्याचीही आवश्यकता नाही. आपल्या देशात आजही बांधीव पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. 2009 चा वैधमापन कायदा आणि त्याखालील 2011 चे नियम यांनुसार किरकोळ विक्रेता असो वा अन्य कोणीही असो, त्याला बांधीव माल त्या छापील किमतीहून अधिक भावाने विकता येत नाही. रेल्वे फलाटावर पाण्याच्या बाटलीवर चार रुपये अधिक घेणाऱ्या पोराशी आपण तावातावाने भांडतो, आणि पाकिटावरच्या छापील आकड्यासमोर चौपट भाव ऐकून 'हौसेला मोल नाही' म्हणून गप्प बसतो. हा न्याय की गंमत? चित्रपटगृहाबाहेर ब्लॅकने तिकिटे विकणाऱ्यास आपण कधी उद्योजक म्हटले नाही. मोबाईलच्या पडद्याआड बसला म्हणून त्याच धंद्यास नवे नाव का द्यावे?

येथे कोणी म्हणेल, 'खेळणे म्हणजे धान्य नव्हे. मिळाले नाही तर कोणी उपाशी मरत नाही.' हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि माझ्या म्हणण्याचे मर्मही त्याच्याच उत्तरात आहे. मुलाची इच्छा प्राणांतिक नसते हे खरे, पण तिला तारीख असते. पंचवीस डिसेंबर उलटला की सहविसाव्या तारखेस मिळालेली गाडी ही तीच गाडी राहत नाही. पुनर्विक्रेता गाडी विकत नसतो. तो ती तारीख विकत असतो. बापाला थांबता येत नाही हे त्याला ठाऊक असते, आणि त्याच्या नफ्याचे सारे गणित या एका अगतिकतेवर उभे असते.

दिवाळीत किल्ल्यावर मांडण्यासाठी मातीचे मावळे विकणारा कुंभारही तारखेवरच धंदा करतो, असे कोणी दाखवून देईल. होय, आणि वसुबारसेला त्याचा भाव चढाही असतो. परंतु लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तोच कुंभार उरलेले मावळे निम्म्या किमतीत देऊन टाकतो, कारण उद्या त्यांना कोणी विचारणार नाही. तारखेचे भय जितके गिऱ्हाइकाला तितकेच विक्रेत्यालाही असते. दोघेही एकाच दोरीवर चालतात, आणि त्यामुळेच तो बाजार माणुसकीचा राहतो. शिवाय ते मावळे त्याने स्वतः घडवलेले असतात. 'संग्राह्य' खेळण्याने ही समता मोडली. पाकीट न उघडता ते कपाटात टांगून ठेवले की विक्रेत्याची तारीख नाहीशी होते, मुलाची मात्र तशीच राहते. एकाला घाई आणि दुसऱ्याला नाही, अशा दोघांतील सौद्यास मागणी-पुरवठ्याचे तत्त्व म्हणणे हे त्या तत्त्वाचाही अपमान करणे आहे.

संग्राहकांवर माझा राग नाही. फन्स्कूल कंपनीने काही दशकांपूर्वी भारतात काढलेल्या जी. आय. जो बाहुल्या आज कोणी शोधून, पुसून, आपल्या बालपणाची आठवण म्हणून भारी किमतीस घेत असेल, तर त्याने खुशाल घ्याव्यात. त्या दुकानात आता मिळत नाहीत आणि कोणा मुलाच्या हातून हिसकावलेल्या नाहीत. कालाने आणलेली दुर्मिळता वेगळी, आणि कपाटाच्या कुलुपाने आणलेली वेगळी.

दोष एकट्या दलालाचाही नाही. दुर्मिळता ही आता कंपन्यांनी आखलेली योजना झाली आहे. अमेरिकेत 1983 च्या नाताळात 'कॅबेज पॅच' बाहुल्यांसाठी दुकानांत धक्काबुक्की झाली. पुढे 1990 नंतर 'बीनी बेबीज' नावाच्या कापडी प्राण्यांचे नमुने एकेक करून बंद करण्याची युक्ती निघाली. लोकांनी म्हातारपणाची पुंजी समजून ते साठवले, आणि शतक संपता संपता त्यांचा भाव कोसळला. अगदी अलीकडे 'लबुबू' या दातविचक्या बाहुलीने तोच खेळ केला. आत कोणती बाहुली आहे हे न कळता पेटी विकत घ्यावयाची! 2025 च्या मे महिन्यात ब्रिटनमधील दुकानांतील भांडणांमुळे पॉप मार्ट या कंपनीला तेथील विक्री काही काळ थांबवावी लागली. आणि त्याच वर्षी जूनमध्ये माल अधिक येताच चीनमधील दलालांचे भाव घसरले. माझ्या विद्यार्थ्याने एवढी एक गोष्ट तरी ध्यानी घ्यावी.

उरला बेकारीचा मुद्दा. मुलाला नोकरी नाही, त्याने काय करावे? हा प्रश्न विचारताना माझाही आवाज खाली येतो, कारण त्याला पदवी देणाऱ्यांत मी एक आहे. परंतु ज्या गाळ्यावर त्याची खोली आहे, त्याच गाळ्यात खाली माणसे दिवसभर यंत्रापुढे उभी राहून काही ना काही घडवीत असतात. त्यांपैकी एखाद्याच्या मुलालाही तीच गाडी हवी असेल, आणि बापाच्या मजुरीतून छापील किंमत कशीबशी निघतही असेल. चौपट निघणार नाही. बेकाराने आपला भार त्या मजुरावर टाकावा, यात कोणाचे कल्याण झाले?

आता माझा स्वतःचा कबुलीजबाब. मी ती गाडी तिप्पट भावाने घेतली. शब्द दिला होता, चार दिवस उरले होते, आणि वर सांगितलेली सारी अगतिकता माझ्याही अंगी होती. निघताना त्याने बजावले, "सर, पाकीट फोडू देऊ नका, किंमत जाते." नाताळच्या सकाळी त्या मुलाने ते पाकीट दातांनी फाडले आणि दुपारपर्यंत गाडीचा रंग दोन ठिकाणी उडाला होता.

या वर्षी मात्र मी ठरवले आहे, आणि वाचकांनीही ठरवावे अशी विनंती आहे. छापील किमतीवर एक रुपयाही अधिक द्यावयाचा नाही. दुकानदाराने एका गिऱ्हाइकास एका वेळी दोनच गाड्या द्याव्यात असा आग्रह आपण धरावा. न ऐकल्यास दुकान बदलावे. आणि हवे ते खेळणे मिळाले नाही तर मुलाला तसे स्पष्ट सांगून सावंतवाडीचे लाकडी खेळणे हाती द्यावे. तो रुसेल, संध्याकाळपर्यंत खेळू लागेल. आपणच थांबावयास शिकलो तर सातिवलीचे ते कपाट भरलेलेच राहील, आणि मग तारखेचे भय काय असते ते त्याच्या मालकालाही एकदा कळेल.