जोड दिसलाच पाहिजे



आपल्या चौकात एक दादा आहे. चिखली घ्या, मेहकर घ्या, खामगाव घ्या, बसस्टॅण्डवर उतरलं की पहिला तोच दिसतो. वीस फुटाचा. पांढरा शर्ट, गॉगल, कानाला फोन. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! वरच्या कोपऱ्यात बाबासाहेब, पोस्टाच्या तिकिटाएवढे. खाली शुभेच्छुक म्हणून आपलीच पोट्टी, आधारकार्डासारखी तोंडं करून रांगेत. ज्यानं जास्त पैसे दिले त्याचं मुंडकं मोठं. १४ एप्रिलला फक्त मजकूर बदलतो, दादा तोच राहतो.

हेही कोलाजच आहे. माणसं कापून चिकटवलेली. पण कॉम्प्युटरनं जोड असा पुसलेला, की वाटावं बाबासाहेब स्वतः या दलालाले आशीर्वाद द्यायले आले!

दुसरेही एक दादा होते. १९१६ साली, महायुद्ध पेटलेलं असताना, झ्युरिकच्या एका कॅबरेत जमलेल्या कवी-चित्रकारांच्या बंडाला हे नाव पडलं. खंदकात लाखो पोरं मरत होती आणि संस्कृतीचे ठेकेदार सौंदर्यावर प्रवचनं झोडत होते. त्या संस्कृतीवर हे लोक थुंकले. बर्लिनमध्ये हाना होख ही बाई एका प्रकाशन कंपनीत भरतकामाचे नमुने काढायची. तिनं छापील मासिकंच कापली. जनरल हिंडेनबुर्गचं मुंडकं नाचणारीच्या धडावर बसवलं. १९१९ च्या त्या कोलाजच्या नावातच स्वयंपाकघरातली सुरी आहे. १९२० च्या दादा प्रदर्शनात तिचं काम नको म्हणणारे तिचेच क्रांतिकारक मित्र होते. आपल्याकडे खळ कोण शिजवते अन् स्टेजवर कोण बसते, ज्यानं त्यानं पाहावं.

हार्टफील्डनं १९३२ मध्ये दोनच गोष्टी जोडल्या. सलामीसाठी मागे वळलेला हिटलरचा हात, आणि त्या हातात नोटा ठेवणारा अवाढव्य शेठ. एवढ्यात सगळं उघडं पडलं.

ज्या १९२० मध्ये बर्लिनला ते प्रदर्शन भरलं, त्याच सालच्या ३१ जानेवारीला बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. त्यांच्याकडे कापायला ढीगभर मासिकं होती. आपल्याला आधी स्वतःचा कागद काढावा लागला. दुसऱ्याच्या कागदात आपण केव्हा छापून येतो? मेल्यावर. तेही चार ओळीत.

म्हणून त्या चार ओळी कापा. गटारात गुदमरून मेलेल्या कामगाराची बातमी कापा. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे, त्याचं नाव मोठ्या टायपात छापून घ्या आणि बातमी त्यावर चिकटवा. बाजूला 'वधू पाहिजे' मधली जातीची अट लावा. मेलेल्याचा फोटो मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय लावू नका. त्याचं तोंड म्हणजे आपल्या कलेचं सामान नव्हे.

सगळं वाळलं की ३०० डीपीआयवर स्कॅन करा. कॉम्प्युटरवर काळं आणखी काळं करा, माप वाढवा. तिथं थांबा. कड मऊ करणारं बटन दाबू नका. फ्लेक्सवाला म्हणेल, "भाऊ, हे कच्चं दिसून राह्यलं, साफ करून देऊ काय?" म्हणा, "नको बाप्पा, राहू दे."

कारण आज एक ओळ टाइप केली की मशीन पाहिजे तो खोटा फोटो बनवून देते. उद्या बाबासाहेबांच्या हातात कोणाचाही झेंडा देतील. आपणही तेच करायचं? मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय? जोड लपवला तर ती थाप. जोड दाखवला तर तो आरोप, उघड उघड, बघणाऱ्याच्या तोंडासमोर केलेला. फाटलेली कड सांगते की हे आम्ही जोडलं, आता हे खोटं आहे असं सिद्ध करा!

मागच्या पावसाळ्यात एका गावी आम्ही असं पोस्टर लावलं. सकाळी पाहतो तर फाडलेलं. वीस फुटाच्या दादाले कोणी हात लावत नाही, अन् दोन फुटाच्या कागदाची एवढी धास्ती! आम्ही फाटके तुकडे गोळा केले, नव्या कागदावर चिकटवले, झेरॉक्स काढली आणि त्याच भिंतीवर लावली. या वेळी जोड दुप्पट होते.

कैची घरात आहे. काढा.