पाऊस पडला की पर्जन्यराजा बरसला?

मागच्या रविवारी कुरुंद्याला ताईकडे गेलो होतो. नववीतल्या भाच्याने निबंधाची वही पुढे केली. "मामा, सरांनी सुधारायला सांगितलाय. वाक्यं एकसारखी आहेत म्हणे, शब्दही साधे आहेत."

विषय, अविस्मरणीय दिवस. त्याने लिहिलं होतं: "हळद वाळत होती. पाऊस आला. आई पळत गेली. आईने ताडपत्री आणली. ताडपत्री फाटकी होती. हळद भिजली. बाबा काही बोलले नाहीत."

आणि गाईड उघडून त्याने केलेली सुधारणा: "पर्जन्यराजाचे आगमन होताच मातोश्री धावल्या, परंतु नियतीच्या क्रूर थट्टेने पीतसुवर्ण भिजून गेले व पिताश्री निःशब्द झाले."

ताडपत्री गायब! वसमत तालुक्यात हळद भिजणं म्हणजे वर्षाची कमाई भिजणं. त्या घरात फाटकी ताडपत्री हाच तर अख्खा निबंध होता.

आमच्या धंद्यात याला व्हेरिएबलची नावं बदलणं म्हणतात. नावं बदलून बग जात नाही राव!

सरांचं चुकलं नाही. सात वाक्यं एकाच मापाची, हे खरंच आहे. पण वाक्यांचं माप कशावरून ठरवायचं हे पोराला कुणी सांगतच नाही. 'परंतु' आणि 'व' लावून वाक्यं जोडली की झालं वैविध्य, आणि 'आई'ची 'मातोश्री' केली की झाली शब्दसंपत्ती.

मग गाईड बाजूला ठेवून त्याला नुसते प्रश्न विचारले. पाऊस कसला होता, भुरभुर का? "नाही, टपोरे थेंब." हळद कुठे होती? "अंगणात." ताडपत्री फाटकी आहे हे कधी कळलं? "पसरल्यावर."

तासाभराने त्याने लिहिलं: "अंगणात हळद वाळत होती. टपोरे थेंब पडायला लागले तशी आई घरातून ताडपत्री ओढत पळत आली, मी दुसरं टोक धरलं, आणि पसरल्यावर कळलं की ती मधोमध फाटकी आहे. हळद भिजली. बाबा काही बोलले नाहीत."

धावपळ झाली तिथे वाक्य लांब झालं. बाबा गप्प झाले तिथे आखूड राहिलं. एकही शब्द गाईडातला नाही.

"पण परीक्षेत मार्क कमी पडले तर?" ताईने विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण गाईडातलं तेच वाक्य वर्गातल्या अर्ध्या पोरांनी लिहिलं, तर तपासणाऱ्याने कुणाला कशाचे मार्क द्यायचे?

गंमत म्हणजे गाव कोणतं? कुरुंदा! नरहर कुरुंदकरांच्या (१९३२-१९८२) आडनावातलं गाव. 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना काढून बघा. समोर बसून वाद घालावा तसं गद्य. तिथे वाक्य लांबतं ते मुद्द्यासाठी, सजावटीसाठी नाही. त्या गावच्या पोराने आईला मातोश्री का म्हणावं?

असो. तुमच्या घरी कुणी निबंध सुधारत असेल, तर आधी ते गाईड लपवा. मग विचारा, "नक्की काय झालं होतं?"