शेवग्याची पावडर : डब्यावरचा आकडा आणि तुमचा चमचा

‘१०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रथिने!’ शेवग्याच्या पावडरच्या डब्यावरचा असा आकडा खोटा नसतो, पण दिशाभूल नक्की करतो.

प्रयोगशाळेत झाडाची पाने, खोड, मूळ वेगवेगळे वाळवून त्यांतली प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ मोजतात. हे झाले ‘प्रायमरी मेटाबोलाइट्स’. झाडाला जगायला ते लागतातच, म्हणून ते मेथीतही असतात आणि गवतातही! ते सापडले म्हणजे झाड औषधी ठरले, असे मुळीच नाही. शिवाय पान वाळले की पाणी उडते आणि तेवढ्याच वजनात प्रथिनांचा आकडा फुगतो.

आता तुम्ही खाता किती? चमचाभर, म्हणजे साधारण ३ ग्रॅम. त्यातून प्रथिने मिळतात जेमतेम पाऊण ग्रॅम. एका अंड्यात ती सुमारे ६ ग्रॅम असतात.

दुसरे म्हणजे, पानाचा आकडा मुळाला लागू होत नाही. पाने आणि शेंगा आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो. मुळात आणि त्याच्या सालीत मात्र विषारी घटक असतात. म्हणूनच पावडर झाडाच्या कोणत्या भागाची आणि एका चमच्यात किती काय, हे विकणाऱ्याने छापलेच पाहिजे. नसेल छापले, तर घेऊ नका.

पाल्याची भाजी जरूर खा. पण पावडरच्या भरवशावर मधुमेहाची गोळी बंद करू नका. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. या पानांत व्हिटॅमिन ‘के’ भरपूर असते आणि ते त्या गोळीचा परिणाम कमी करते.